जुन्या वाड्याचं वय आणि त्यातले फेरफार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पुणे आणि आसपासच्या देशावरच्या वाड्यांसाठी आहे: दगडी जोतं (घराखालचा चौथरा), सागवानी सांगाडा, मातीविटांच्या भिंती, मध्ये चौक. कोकणातली चिऱ्याची घरं आणि गोव्यातली चौकाची घरं वेगळ्या रीतीने बांधली आणि बदलली गेली. त्यांना इथली सगळी अनुमानं लावू नयेत.

आमचा वाडा नेमका किती जुना?

एक आकडा मागू नका, निदान तीन मागा. जोतं कधीचं, सांगाडा कधीचा आणि छप्पर कधीचं? बहुतेक वाड्यांत ही तीन उत्तरं वेगवेगळी येतात. “दोनशे वर्षांचा वाडा” म्हणतात तेव्हा पुष्कळदा जोतं आणि आड (विहीर) तेवढे जुने असतात, पहिला चौक शंभर वर्षांचा आणि मागचा सोपा, म्हणजे ओसरी, पन्नास वर्षांचा. त्यात खोटं काही नाही. वाडा एकदा बांधून संपत नाही.

सुरुवात कुठून करायची?

मोजमापापासून, कागदपत्रांपासून नव्हे. आधी कागद वाचले की भिंतीत तेच दिसायला लागतं.

दोन माणसं, तीस मीटरचा टेप, एक ओळंबा आणि पातळीनळी (पातळी पाहायची, पाणी भरलेली पारदर्शक नळी) एवढं पुरतं. प्रत्येक मजल्याचा आराखडा १:५० प्रमाणात काढा. प्रत्येक खोलीच्या चार बाजूंबरोबर दोन्ही कर्णही मोजा. कर्ण घेतले नाहीत तर सगळ्या खोल्या कागदावर काटकोनात बसतात आणि तिरपी भिंत, म्हणजे नेमका पुरावाच, हरवतो. मग तीन गोष्टी आराखड्यावर लिहा: प्रत्येक भिंतीची जाडी, खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, आणि प्रत्येक खोलीच्या जमिनीची चौकाच्या फरशीपासूनची उंची.

वाडा खणांच्या हिशेबाने बांधलेला असतो. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि एका वाड्यात तो बहुधा सारखा असतो. सलग सहा खण सारखे येऊन सातवा एकदम हातभर मोठा किंवा लहान निघाला, तर तिथे थांबा. जागेची हद्द आडवी आली असेल किंवा सातवा खण नंतर जोडलेला असेल. अडीच फुटी भिंत मध्येच साडेचार इंची झाली, तर शंकेला जागाच नाही. ती विभाजनाची भिंत आहे.

कोणती वस्तू कधीनंतरची, याचा काही ठोकताळा आहे का?

आहे, पण तो एकाच बाजूने चालतो. वस्तू दिसली तर “काम यानंतरचं” एवढंच म्हणता येतं. “यापूर्वीचं” म्हणता येत नाही, कारण जुनी वस्तू कधीही पुन्हा वापरता येते.

छपरापासून पाहा. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला. पेशवाईतल्या वाड्यावर मंगलोरी कौलं असतील, तर छप्पर बदललेलं आहे. कौल उलटं करून पाहा, कारखान्याचं नाव आणि पुष्कळदा गावही उठवलेलं असतं. कौलं बदलताना वासे मात्र जुनेच ठेवले असण्याची शक्यता बरीच. मंगलोरी कौलांच्या पट्ट्या साधारण साडेबारा इंचांवर येतात, नळीच्या देशी कौलांखालचं बांबू-कामट्यांचं काम बरंच दाट असतं. वाशांच्या पाठीवर खिळ्यांच्या भोकांच्या दोन वेगळ्या रांगा दिसल्या, की वासे मूळचे आणि कौलं नंतरची हे उघड होतं.

मग लोखंड. लोहाराने ठोकलेला खिळा चौकोनी आणि असमान असतो. गोल तारेचा, यंत्रावरचा खिळा आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतर सर्रास झाला. टोकदार स्क्रूही तसाच उशिराचा, त्याआधीच्या स्क्रूचं टोक बोथट असायचं. जुन्या दारांना बिजागऱ्या नसतात. फळीलाच वर-खाली काढलेला खुंट उंबऱ्यातल्या आणि माथ्यावरच्या खळग्यात फिरतो. दाराला बिजागरी आहे, पण उंबऱ्यात रिकामा, गुळगुळीत झिजलेला खळगा आहे, तर दार बदललेलं आणि चौकट मूळची.

लोखंडी आडव्या गर्डरवर नाव उठवलेलं असतं, रंग खरवडून वाचा. “डॉर्मन लाँग” असेल तर माल विलायती. “टाटा” असेल तर १९१२ नंतरचा, कारण जमशेदपूरला पोलाद तेव्हापासून निघू लागलं. सिमेंटचं देशी उत्पादन व्यापारी प्रमाणात १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झालं. सिमेंटच्या नक्षीदार फरश्याही आपल्याकडे त्यानंतरच्या, मुंबईची भारत टाइल्स १९२२ ची. अशी फरशी दिवाणखान्यात असेल तर तिच्याखाली बहुधा सारवलेली जमीन किंवा चुन्याचा कोबा सापडतो. ती एका कोपऱ्यात उचलून पाहण्यासारखी असते, सगळीकडे उखडण्यासारखी नव्हे.

१९ × ९ × ९ सेंटिमीटरची मेट्रिक वीट असेल तर काम स्वातंत्र्यानंतरचं. पण देशी आकाराच्या विटा आजही भाजल्या जातात, त्यामुळे जुन्या मापाच्या विटेवरून काहीच सिद्ध होत नाही.

सुरूदार खांब (सुरूच्या झाडासारखे निमुळते, कोरीव) आणि केळफुलं (लोंबणारी कोरीव फुलं) आहेत. म्हणजे वाडा पेशवाईतलाच ना?

इथेच सर्वांत जास्त फसगत होते. चांगलं सागवान कोणी फेकून देत नाही. पडलेल्या वाड्याचे खांब, तुळया, चौकटी विकल्या जातात, दुसरीकडे उभ्या राहतात. ही रीत आजची नाही. १८७९ च्या वाड्यात १७९० चा खांब असू शकतो, आणि पेशवाईतली सुरूदार घडण नंतरच्या सुतारांनीही हौसेने चालू ठेवली.

खांब मूळ जागचा आहे की आणलेला, हे चार ठिकाणी पाहा. खांबाच्या तळाचा आकार दगडी तळखड्यावरच्या खोबणीशी जुळतो का? खांबाच्या अंगावर वापर नसलेल्या रिकाम्या खाचा आहेत का? नक्षी भिंतीत गाडली गेली आहे का? कोणताही सुतार भिंतीत लपणाऱ्या बाजूवर पानं-फुलं कोरत बसत नाही. आणि चौथं, खांब आखूड पडला म्हणून खाली दगड किंवा वर लाकडाचा तुकडा सारलाय का? तुळईवरच्या रिकाम्या खाचांमधलं अंतर मोजा. ते सध्याच्या कड्यांच्या (तुळयांवर आडव्या टाकलेल्या बारीक लाकडांच्या) अंतराशी जुळत नसेल, तर तुळई दुसऱ्या घरातून आली आहे किंवा वरचा मजला पूर्ण बदलला आहे. दोन्हींत फरक करायला शेजारच्या तुळया पाहा: सगळ्यांवर सारख्याच रिकाम्या खाचा असतील तर मजला बदलला, एकीवरच असतील तर तुळई पाहुणी.

लाकडाची कार्बन चाचणी करून प्रश्न सुटणार नाही का?

नाही. गेल्या तीनेकशे वर्षांच्या लाकडाला ती चाचणी एक निश्चित वर्ष देत नाही, अनेक शक्य कालखंड देते, आणि वाड्यांचं वय नेमकं त्याच पट्ट्यात येतं. सागवानाच्या वलयांचा अभ्यास होऊ शकतो, पण घडणीत साल आणि तिच्याखालचं पांढरं लाकूड तासून टाकलेलं असतं, म्हणून झाड कधी तोडलं ते कळत नाही. कळलं तरी ते झाडाचं वर्ष, वाड्याचं नव्हे.

दोन भिंतींपैकी आधीची कोणती, हे कसं ठरवायचं?

जोडाजवळ जा. एकाच वेळी बांधलेल्या भिंतींचे थर एकमेकांत गुंतलेले असतात, नंतरची भिंत आधीच्या भिंतीला नुसती टेकते. टेकलेल्या जोडात उभी सरळ भेग पडते, आणि कितीही वेळा लिंपली तरी दर पावसाळ्यात परत येते. त्या भेगेत पातळ पट्टी सारून पाहा. आत जुन्या भिंतीचा गिलावा आणि रंगाचे हात सापडले, तर ती भिंत एके काळी उघडी, बहुधा बाहेरची होती.

आणखी एक नियम: जे झाकलं गेलंय ते आधीचं. नवी भिंत फरशीवर उभी आहे की फरशी भिंतीपाशी येऊन थांबली आहे? लाकडी पट्टीवरची जुनी वायर भिंतीवरून गेली आहे की भिंतीत शिरून पलीकडे निघाली आहे? छताची नक्षी भिंतीपाशी कडा घेऊन संपते की मध्येच कापल्यासारखी थांबून पलीकडच्या खोलीत चालू राहते? एवढ्या प्रश्नांवर सनावळ्या माहीत नसतानाही क्रम लागतो, आणि क्रम लागला की एखादीच खात्रीची तारीख पुरते.

तळमजला सिमेंटचा आणि माडी जुनी. असं उलटं कसं?

पुण्यात हे उलटं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. मातीविटांची भिंत पाण्यात विरघळते, सागवानी सांगाडा मात्र उभा राहतो. कित्येक वाड्यांत खालच्या भिंती बसल्या आणि माडी खांबांवर टिकली. मग खाली भाजक्या विटा आणि सिमेंट आलं. असा वाडा असेल तर खालच्या खांबांवर, गिलाव्याच्या मागे, एका सरळ आडव्या रेषेत गाळाचा डाग शोधा. तो सगळ्या खांबांवर एकाच पातळीला मिळाला (पातळीनळी इथे कामी येते) तर पुराचा. एकाच खांबावर मिळाला तर बहुधा गळक्या मोरीचा.

आगीचंही तसंच. रंगाखाली कोळसलेली तुळई निघते, वरून तासून पुन्हा वापरलेली. शेजारच्या तुळयांपेक्षा ती अर्धा-पाऊण इंच बारीक असते.

वाड्यांत सर्वांत जास्त बदल कशामुळे झाले?

इंग्रजी फॅशनमुळे, हे नेहमीचं उत्तर. ते अर्धवट आहे. रस्त्याकडे उघडलेल्या मोठ्या खिडक्या, काचा, झडपा, बीडाचे (ओतीव लोखंडाचे) कठडे हे बदल त्या काळातले खरे, पण ते दर्शनी भागापुरते. आतला वाडा बदलला तो वाटणी, भाडेकरू, पाणी आणि संडास या चार कारणांनी.

वाटणी आधी घ्या, कारण तिच्याइतका निर्दय आर्किटेक्ट दुसरा नाही. तीन भावांना दिवाणखाना एक, मग तो खणांवर वाटला जातो. महिरपींची रांग मधोमध तुटते. जिना एकाच्या वाट्याला गेला की दुसऱ्याला चौकातून नवा लोखंडी जिना लागतो. देवघर सामाईक राहतं आणि म्हणूनच पुष्कळदा सर्वांत कमी बदललेली खोली तीच असते. वाटणीपत्रातली “पूर्वेकडील चार खण, वरील माडीसह” ही ओळ घेऊन आराखड्यावर रेष मारा, ती साडेचार इंची भिंतीवर तंतोतंत बसते.

भाडेकरूंचा इतिहास कायद्याशी बांधलेला आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं गेलं. १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा ३१ मार्च २००० पासून आला तोवर अर्धं शतक उलटलं होतं. मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि भाडेकरूला मालकीची शाश्वती नाही, अशा घरात पक्कं काम होत नाही. पत्रा, फळी, प्लायवूड, हार्डबोर्ड असंच काम होतं. वाड्यात पक्क्या भिंतीऐवजी लाकडी फळ्यांचे आडोसे दिसले तर ते बहुधा या काळातले. गंमत अशी, की हा कच्चेपणाच पथ्यावर पडला: आडोसा काढला की मागे मूळची खोली शाबूत सापडते.

पाण्याची गोष्ट जोत्यात लिहिलेली असते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या बांधीव नळाने पाणी शहरातल्या हौदांत आणलं गेलं. मोठ्या वाड्यांत त्याचे खासगी हौद होते, बाकीच्यांचा भरवसा आडावर. १८७० च्या दशकात खडकवासल्याचं धरण झालं आणि नळ आला. घरोघरी नळ झाला तसा आड फळ्यांनी, मग स्लॅबने झाकला गेला, आणि मोरी चौकातून स्वयंपाकघरात सरकली. संडास पूर्वी वाड्याच्या मागच्या टोकाला, बोळाला लागून असत, कारण सफाई बाहेरून होई. फ्लश आल्यावर ते आत आले. मागच्या भिंतीत जमिनीलगत बुजवलेली लहान चौकोनी भोकं दिसली तर तो जुन्या संडासांचा माग आहे.

मोडी कागद सापडलेत. त्यातली तारीख कशी वाचायची?

मोडी वाचक शोधा, पण तारखेचं गणित स्वतः तपासा. शके असेल तर ७८ मिळवा (जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९). दक्षिणी फसली असेल तर ५९०, सुहूर सन असेल तर ५९९. फसली आणि सुहूर दोन्ही मृगापासून, जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतात, म्हणून जानेवारी ते मृग या काळासाठी एक जास्त मिळवायचा. सुहूर सन अरबी शब्दांत, एकक आधी असा लिहितात: “सबैन मया व अलफ” म्हणजे सत्तर, शंभर आणि हजार, ११७०. त्यात ५९९ मिळवले की जून १७६९ पासूनचं वर्ष.

मापं गजात आणि तसूत येतात, २४ तसूंचा एक गज. गजाची लांबी ठिकठिकाणी वेगळी होती, म्हणून पुस्तकातलं कोष्टक लावू नका. कागदात उल्लेखलेली आणि आजही उभी असलेली एखादी भिंत मोजा, गजाची लांबी तिथूनच काढा.

इंग्रजी अंमल आल्यानंतरच्या काळासाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि चौकशी नोंदवहीचा उतारा, दुय्यम निबंधकाकडून सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा), आणि महापालिकेकडून करआकारणीची नोंद व मंजूर नकाशे मागवा. करआकारणी नोंद कोरडी दिसते, पण “नवीन दोन खोल्या, मोरी” ही ओळ ज्या वर्षी येते ते वर्ष लाखमोलाचं. मंजूर नकाशावर मात्र आंधळा विश्वास नको. मंजूर झालेलं सगळंच बांधलं गेलं नाही, आणि बांधलेलं सगळंच मंजूर नव्हतं.

रंगाचे थर मोजून वर्षं काढता येतात का?

वर्षं नाही, तुलना काढता येते. वर्षाला चुन्याचा एक हात हे गृहीतच चुकीचं: सुतकात हात चुकतो, लग्नात दोन बसतात. धारदार पात्याने इंचभर लांबीची पायरी-पायरीची खिडकी कापा, भिंगातून पाहा, वरून खाली थर लिहा. मूळ भिंतीवर वीस थर आणि शेजारच्या आडभिंतीवर वरचेच सहा मिळाले, तर आडभिंत कुठे बसते ते कळतं. निळीचा, गेरूचा किंवा ऑइलपेंटचा थर खुणेसारखा उपयोगी पडतो, कारण तो सगळ्या खोल्यांत एकाच वेळी लागलेला असतो. कपाटामागच्या आणि स्विचबोर्डामागच्या भिंतीवर आधी जा.

सिमेंटचा गिलावा केल्यापासून ओल वाढली. का?

माती-चुन्याची भिंत जमिनीतून पाणी ओढते आणि अंगावरून सोडते. सिमेंटने ती वाट बंद होते. मग पाणी आणखी वर चढतं, गिलावा संपतो तिथे क्षारांचा पांढरा थर सोडतं, आणि भिंतीत गाडलेल्या तुळईच्या टोकाला मुक्काम करतं. तुळई मध्ये ठणठणीत आणि टोकाला भुसा, हे त्यातूनच होतं. टोकाजवळ पेचकस दाबून पाहा, तो अर्ध्या इंचाहून जास्त सहज शिरला तर आधी टेकू द्या, मग पुढचं.

सिमेंट काढल्यावर भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवा. घाईत चुना लावला तर तो क्षारांनी सुटतो. भिजवून निदान महिनाभर मुरवलेला चुना, त्याच्या तिप्पट धुतलेली वाळू, पहिला हात अर्धा इंच, दुसरा पाव इंच. आठवडाभर दिवसातून दोनदा पाणी शिंपडा. कच्च्या मातीविटांच्या भिंतीवर थेट चुना धरत नाही, आधी तूस घालून कुजवलेल्या मातीचा हात हवा.

नंतरच्या भिंती काढून वाडा मूळ रूपात आणावा का?

कोणत्या मूळ रूपात? पुण्याचा विश्रामबागवाडा पाहा. दुसऱ्या बाजीरावाने तो १८०७ च्या सुमारास राहण्यासाठी बांधला, १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरली, १८७९ च्या आगीत पूर्वेकडचा भाग जळाला आणि पुन्हा बांधला गेला, पुढे नगरपालिकेची कचेरीही तिथे होती. यातलं एक वर्ष निवडून बाकीची पुसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, नवं नाटक उभं करणं. भाडेकरूंचे प्लायवूडचे आडोसे खुशाल काढा. १९२० च्या दशकातल्या फरश्या, बीडाचा कठडा, रंगीत काचा ठेवा.

आणि काढण्यापूर्वी एक धोका लक्षात घ्या. साडेचार इंची भिंत बांधली तेव्हा ती नुसता पडदा होती. पण वरची तुळई पन्नास वर्षांत हळूहळू वाकते आणि त्या भिंतीवर बसते. आता भार तिच्यावर आहे. भिंतीच्या माथ्यावर आणि तुळईखाली पोस्टकार्ड सरकतं का ते पाहा. सरकत नसेल तर दोन्ही बाजूंना टेकू दिल्याशिवाय एक वीटही काढू नका. वाड्यातले बरेच अपघात “ही तर साधी पार्टिशनची भिंत” या वाक्यानंतर होतात.

परवानगी लागते का?

वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत, हे आधी लेखी विचारा. पहिल्या श्रेणीत बदलाला जवळजवळ वाव नसतो, तिसऱ्या श्रेणीत बराच असतो. शिवाय शनिवारवाड्यासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. स्वतःचा वाडा यादीत नसला तरी हा नियम लागू होतो.

वाडा पाडायचाच ठरलाय. निदान काय नोंदवून ठेवावं?

पाडण्याआधीचा आराखडा तर हवाच, पण खरा पुरावा पाडतानाच उघडा पडतो. कंत्राटदाराशी आधी बोलून ठेवा: आधी कौलं, मग कड्या, मग तुळया, आणि प्रत्येक टप्प्यानंतर एक दिवस थांबायचं. एकाच दिवसात मशीन लावलं तर काहीच उरत नाही. तुळई खाली आली की तिच्या कुसवाचा, म्हणजे खोबणीत बसणाऱ्या टोकाचा फोटो घ्या, सुतारांच्या जुळणीच्या खुणा असल्या तर तिथेच असतात. फोटोत फूटपट्टी आणि खांबाचा क्रमांक दिसू दे. प्रत्येक भिंतीतली एक वीट, मूठभर गारा (विटांमधली माती किंवा चुना), दोन खिळे आणि एक कौल वेगळ्या पिशवीत, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी (शाई ओलीने पसरते). जोत्यापाशी पोचल्यावर पायऱ्या मोजा. रस्ता वर्षानुवर्षं डांबराने चढत गेलेला असतो आणि दिंडी दरवाजासमोरच्या एक-दोन पायऱ्या हमखास खाली गाडलेल्या सापडतात.